दहा मीटर एफएमवर संपर्क कसा साधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन मीटर बँडच्या हॅण्डीवरून (हातातल्या छोट्या सेटवरून) लांब पल्ल्याच्या एचएफ बँडांकडे वळणारा नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, बहुतेक वेळा आधी चाळीस मीटरवर जातो, मग वीसवर, आणि दहा मीटरचा एफएम तुकडा तसाच राहून जातो. खाली दिलेले प्रश्न स्थानिक नेटवर (ठरलेल्या वेळी हवेत भरणाऱ्या रेडिओ-बैठकीत) आणि क्लबच्या बैठकीत हमखास निघतात. उत्तरं महाराष्ट्रात बसून बँड वापरणाऱ्याच्या नजरेतून दिली आहेत.

दहा मीटर एफएम म्हणजे नेमकं कुठे?

दहा मीटरचा हौशी बँड २८.००० ते २९.७०० मेगाहर्ट्झ असा आहे. एफएमची वस्ती त्याच्या वरच्या टोकाला, साधारण २९.५ च्या पुढे. २९.६०० ही जगभर मान्य असलेली हाक मारायची फ्रिक्वेन्सी. एकच आकडा पाठ करायचा असेल तर हाच करा.

२९.५२० ते २९.५९० हा रिपीटरच्या (आपला सिग्नल ऐकून तो पुन्हा जोरात पाठवणाऱ्या स्टेशनच्या) इनपुटचा पट्टा आणि २९.६२० ते २९.६९० हा आउटपुटचा. त्याखाली २९.३०० ते २९.५१० ही जागा उपग्रहांसाठी राखलेली आहे, तिथे एफएम अजिबात लावायचं नाही. १९७४ साली सोडलेला ऑस्कर-७ हा हौशी रेडिओचा उपग्रह तिथेच आपला सिग्नल खाली पाठवतो. त्याची बॅटरी १९८१ मध्ये गेली, तो मेला म्हणून सगळ्यांनी हात झटकले आणि २००२ मध्ये तो आपणहून बोलू लागला. आता अंगावर ऊन असेल तेवढा वेळच चालतो. अशा म्हाताऱ्याच्या क्षीण आवाजावर आपला सोळा किलोहर्ट्झचा रुंद कॅरिअर टाकणं बरं दिसत नाही.

एसएसबी (आवाजाचा अरुंद मोड) आहे, एफटी८ (संगणकावरचा डिजिटल मोड) आहे, मग एफएम कशाला?

हजारो किलोमीटरवरचा माणूस शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा ऐकू येतो म्हणून. एसएसबीवर चांगल्या सिग्नललाही मागे खरखर असते आणि डायल जरा सरकली की माणूस बदकासारखा बोलू लागतो. एफएमवर सिग्नल जोरात आला की मागचा गोंगाट एकदम बंद होतो. आवाज यायच्या आधीची ती निर्वात शांतता ऐकली की समजायचं, समोर कुणीतरी माइक दाबला आहे.

तोटेही मोठे आहेत. सिग्नल एका पातळीच्या खाली गेला की एफएम हळूहळू विरत नाही, सरळ गोंगाटात बुडतो. जिथे एसएसबीवर निदान कॉलसाइन तरी कळला असता, तिथे एफएमवर काहीच हाती लागत नाही. देशांची यादी भराभर वाढवायची असेल तर २८.०७४ वर एफटी८ लावून बसा, त्याला तोड नाही. गप्पा मारायच्या असतील तर इकडे या.

परवाना कोणता लागतो?

हौशी रेडिओचा, आणि तो असल्याशिवाय माइकला हात नाही. भारतात तो दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, किमान वय १२ वर्षं. जनरल श्रेणीला मोर्स लागतो आणि कॉलसाइन साधारणपणे व्हीयू२ ने सुरू होतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, तिचा व्हीयू३. आपल्या परवान्यावर कोणते बँड, कोणती उत्सर्जनं आणि किती पॉवर लिहिली आहे ते एकदा डोळ्यांखालून घाला. मित्राच्या परवान्यावर आहे म्हणून आपल्याला चालतं असं नसतं.

तिकडे अमेरिकेत टेक्निशियन परवानाधारकांना दहा मीटरवर फक्त २८.५ पर्यंतच मुभा आहे. त्यामुळे २९.६०० वर भेटणारा अमेरिकन किमान जनरल श्रेणीचा असतो.

माझ्या रिगमध्ये (रेडिओ सेटमध्ये) एफएम आहे का?

मोडचं बटण दाबून बघा, गृहीत धरू नका. आयकॉमच्या आयसी-७३०० मध्ये आहे, याएसूच्या एफटी-८९१ आणि एफटी-९९१ए मध्ये आहे. आयसी-७१८ हा आपल्याकडे बऱ्याच शॅकमध्ये (हॅमच्या रेडिओखोलीत) दिसणारा दणकट सेट, पण त्यात एफएम नाही. हैदराबादेत जन्मलेल्या यूबिटएक्समध्येही नाही. तो एसएसबी आणि मोर्ससाठीच बनवला आहे. जुन्या बाजारात एफटी-८९०० मिळाला तर सोडू नका. दहा, सहा, दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर असा चार बँडांचा तो निव्वळ एफएम सेट आहे आणि दहा मीटरवर ५० वॉट देतो.

एफएम आणि एफएम-नॅरो असे दोन पर्याय दिसले तर दहा मीटरवर सहसा साधा एफएम, म्हणजे ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी जेवढी सरकते ते) चालतं. समोरचा नॅरोवर असेल तर त्याला तुमचा आवाज फाटलेला वाटेल आणि तुम्हाला त्याचा बारीक. तो तसं म्हणालाच तर बदलायचं.

२९.६०० वर दिवसभर शुकशुकाट असतो. बँड मेलाय का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बऱ्याच वेळा बँड मेलेला नसतो. जपानपासून इटलीपर्यंत पन्नास जण स्क्वेल्च (सिग्नल नसताना गोंगाट बंद ठेवणारी सोय) लावून तुमच्यासारखेच गप्प बसलेले असतात, कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत. एसएसबीवर डायल फिरवली की कुणी ना कुणी बोलताना सापडतं आणि कान तयार होतो. एफएमवर एकच फ्रिक्वेन्सी, त्यात स्क्वेल्च बंद, त्यामुळे बँड उघडला तरी कळत नाही.

उपाय साधा आहे: बोला. दर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा हाक मारा. उत्तर नाही आलं तर चहा घ्या, पुन्हा मारा. आपल्याकडचे बरेच हॅम ऐकण्यात पटाईत आणि हाक मारायला भिडस्त. या बँडवर भिडस्तपणा परवडत नाही, कारण कित्येकदा बँड वीस मिनिटांसाठीच उघडतो. आणि स्क्वेल्च अगदी उंबरठ्यावर ठेवा, किंवा सहन होत असेल तर सरळ उघडा. घट्ट लावलेला स्क्वेल्च पहिला हळू येणारा सिग्नल गिळून टाकतो, आणि नेमका तोच बँड उघडत असल्याची वर्दी देत असतो.

बँड कधी उघडतो आणि कुणाकडे?

लांब पल्ल्याचं सगळं काम आयनमंडलाच्या, म्हणजे सिग्नल परत खाली वाकवणाऱ्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या, एफ२ थरावर चालतं आणि तो सूर्यावर जगतो. म्हणून दहा मीटर हा दिवसाचा बँड, आणि ऑक्टोबर ते मार्च हे त्याचे महिने. हिवाळ्यात इथून साधारण क्रम असा दिसतो. सकाळी साडेसात-आठपासून पूर्व उघडते: जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया. आपले आठ वाजतात तेव्हा तोक्योत साडेअकरा झालेले असतात, म्हणजे दोन्हीकडे सूर्य चांगला वर. दुपारी दीडनंतर पश्चिम: आखाताच्या पलीकडचे देश, पूर्व आफ्रिका, मग युरोप. युरोपची रांग सायंकाळी सात-साडेसातपर्यंत टिकते. त्याच सुमारास, सूर्य जोरात असेल तर, अमेरिकेचा पूर्व किनारा डोकावतो, कारण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे साडेआठ-नऊ असतात. तो मार्ग उत्तरेकडून, थंड प्रदेशांवरून जातो, त्यामुळे चुंबकीय वादळाचा पहिला फटका त्यालाच बसतो.

मे ते ऑगस्ट हा वेगळा हंगाम. तेव्हा ई थरात मधूनच दाट ढगासारखे पट्टे तयार होतात, त्याला स्पोरॅडिक-ई म्हणतात. उडी लहान असते, साधारण ५०० ते २,३०० किलोमीटर, पण सिग्नल जबरदस्त. मुंबईहून दिल्ली ११५० किलोमीटरच्या आसपास, कोलकाता साडेसोळाशे, दुबई एकोणीसशे; हे सगळे नेमके त्या उडीत बसतात. केव्हा येईल सांगता येत नाही. आला की दहा वॉटवर समोरचा मीटर शेवटाला टेकवतो आणि अर्ध्या तासात गायब.

सूर्याचा ताप मोजायचा आकडा म्हणजे सोलर फ्लक्स. कॅनडात पेंटिक्टनजवळच्या वेधशाळेत तो २,८०० मेगाहर्ट्झवर रोज मोजतात. ढोबळमानाने १२० च्या वर गेला की दहा मीटरकडे लक्ष ठेवायचं, १५० च्या वर असेल तर रोज बसायचं. त्याच्या जोडीला के निर्देशांक, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय खळबळीचा आकडा, बघा. तो चारच्या पुढे गेला की फ्लक्स कितीही असला तरी उत्तरेचे मार्ग बिनसतात. मे २०२४ मध्ये सूर्याने जे वादळ पाठवलं त्यात लडाखच्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यात लाल प्रकाश टिपला गेला. आकाश देखणं होतं आणि बँडवर मसणवट.

आपण विषुववृत्ताजवळ आहोत, त्याचा काही फायदा?

मोठा आहे, आणि त्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ थुंबा इथे अग्निबाण केंद्र उभारलं ते याच कारणासाठी. दिवसा त्या रेषेवरचा विद्युतभारित वायू वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना, साधारण पंधरा अंशांवर, जाऊन साचतो. भारतात हा साठा अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात सर्वाधिक असतो. महाराष्ट्र त्याच्या उतारावर बसलेला आहे.

याचा अर्थ असा की फ्लक्स ९० वर घसरून जर्मनीतला हॅम दहा मीटर बंद म्हणून रिग झाकून ठेवतो, तेव्हाही आपल्या डोक्यावरचा थर २९ मेगाहर्ट्झ वाकवायला पुरेसा दाट असू शकतो. खास करून दुपारनंतर आणि दक्षिणोत्तर मार्गावर. विषुववृत्त ओलांडून हिंद महासागरातली बेटं आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग सूर्यास्तानंतरही मिळत राहतो. अशा वेळी आवाज थरथरता येतो, जणू पंख्यासमोर तोंड धरून कुणी बोलतंय. ती थरथर ऐकली की अँटेना दक्षिणेला वळवा.

जपान लागतो, पण पुण्याहून नागपूर का लागत नाही?

कारण तुमचा सिग्नल नागपूरच्या डोक्यावरून जातो. एफ२ वरून एका उडीत तो दोन ते चार हजार किलोमीटरवर उतरतो. मधला सगळा टापू कोरडा. जमिनीलगत जाणारी लहर गच्चीवरच्या अँटेनाने पंचवीस-चाळीस किलोमीटर पोचते, मध्ये सह्याद्री असेल तर तेवढीही नाही. नागपूर हवंच असेल तर चाळीस मीटरवर जा, किंवा जूनमध्ये स्पोरॅडिक-ईची वाट बघा, आणि तेव्हाही साधारण सव्वासहाशे किलोमीटरची छोटी उडी क्वचितच मिळते.

बँड उघडलाय हे बोलण्याआधी कसं ओळखायचं?

२८.२०० वर मोर्सच्या मोडमध्ये तीन मिनिटं ऐका. तिथे जगभर पसरलेले अठरा बीकन (आपोआप ओळख सांगत राहणारे ट्रान्समीटर) आळीपाळीने, प्रत्येकी दहा सेकंद, बोलतात. आपल्या कामाचे म्हणजे जपान, हाँगकाँग, नोव्होसिबिर्स्क, श्रीलंका, केनिया, इस्रायल, फिनलंड आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया. प्रत्येक बीकन आधी आपला कॉलसाइन देतो आणि मग एकेक सेकंदाचे चार डॅश: पहिला १०० वॉटवर, दुसरा १० वर, तिसरा १ वर आणि चौथा एक दशांश वॉटवर. मोर्स येत नसला तरी डॅश मोजता येतात. कोणत्या वेळी कोणता बीकन, हे वेळापत्रकात ठरलेलं असतं आणि मोबाइलचं घड्याळ पुरेसं अचूक असतं.

एकच डॅश ऐकू आला तर एफएमवर वेळ घालवू नका, एसएसबीवर जा. तीन ऐकू आले तर लगेच २९.६०० वर येऊन हाक मारा. फक्त लक्षात ठेवा, बीकन आणि एफएम यांत जवळपास दीड मेगाहर्ट्झचं अंतर आहे. आयनमंडल वाकवू शकतं ती सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी २८.५ वर अडकलेली असली तर खाली गजबज आणि वर सन्नाटा असं होतं.

अँटेना कोणती?

तारेचा हाफ-वेव्ह डायपोल. २९.६ साठी एकूण लांबी ४.८३ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला २ मीटर ४१ सेंटिमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची वायर चालते. प्लॅस्टिकच्या वेष्टणामुळे ती थोडी जास्त लांब असल्यासारखी वागते, म्हणजे शेवटी जरा आखूडच लागते. तरी आधी लांबच कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा) बघत दोन्हीकडून सारखी छाटत या. २८.४ साठी कापलेला डायपोल २९.६ वर बहुधा कुरकुरतो. ट्यूनर तो दडपेल, पण एकदा एफएमसाठी वेगळी तार कापून ठेवणं बरं.

आडवा की उभा? लांबच्या संपर्कात आयनमंडल ध्रुवीकरणाचं (लहर आडवी की उभी याचं) पार कडबोळं करून टाकतं, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. गावातल्या गावात बोलायचं असेल तर उभा, कारण बाकीचे उभेच वापरतात. उंची मात्र महत्त्वाची. जमिनीपासून पाच मीटरवर चालतो, दहावर खरा रंगतो. चार मजली इमारतीची गच्ची असेल तर देवाने दिलंच म्हणायचं.

केबलवर कंजुषी नको. तीस मीटर आरजी-५८ या वारंवारतेला जवळजवळ चाळीस टक्के पॉवर खाते. त्याच लांबीची आरजी-२१३ त्याच्या निम्म्याने. आणि मे महिन्यात वळिवाच्या ढगांचा पहिला गडगडाट ऐकू आला की केबल रिगपासून सोडवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

सोसायटी अँटेना लावू देत नाही.

दिसणार नाही अशी लावा. पाच मीटरची बारीक तार गच्चीच्या कठड्यालगत, आतल्या बाजूने, दोन प्लॅस्टिकच्या पाइपांवर ताणली तर ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखीच दिसते. परवानगीसाठी जाताना परवान्याची प्रत आणि अँटेनाचं चित्र न्या. मोबाइल टॉवर नव्हे, एक तार आहे, हे कागदावर दिसलं की सेक्रेटरींचा सूर बराच खाली येतो. पुराच्या किंवा भूकंपाच्या वेळी हॅम काय करतात हे दोन वाक्यांत सांगा, भाषण नको.

दुसरा त्रास गोंगाटाचा. एलईडीचे ड्रायव्हर, चार्जर, लिफ्टची मोटार, गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर. आणि दैवदुर्विलास असा की बँड ऐन रंगात येतो तेव्हाच दिवाळी असते आणि समोरच्या इमारतीवर प्रत्येक गॅलरीत चिनी माळा लुकलुकत असतात. कितीही चरफडलात तरी त्या पंधरवड्यात सकाळच्या जपानवर समाधान माना, तेव्हा माळा बंद असतात.

किती पॉवर लागते? रिग तापतो, ते चालतं का?

बँड उघडा असेल तर दहा वॉट पुरतात. नसेल तर चारशे वॉटनेही काही होत नाही. पॉवर दुप्पट केली की समोरच्या मीटरवर अर्धा एस-युनिट वाढतो, इतकंच.

तापण्याचं कारण एफएमचा स्वभाव. एसएसबीत तुम्ही श्वास घेता तेव्हा रिगही घेतो. एफएममध्ये माइक दाबल्यापासून सोडेपर्यंत कॅरिअर सतत पूर्ण पॉवरवर असतो. शंभर वॉटचा सेट एफएमवर चाळीस-पन्नासवर आणा आणि एका दमात मिनिटापेक्षा जास्त बोलू नका. एप्रिलमध्ये विदर्भातल्या दुपारी तर पंचवीसवर.

प्रत्यक्षात हाक कशी मारायची?

आधी विचारा, "इज द फ्रिक्वेन्सी इन यूज?" दोन सेकंद थांबा. मग: "सीक्यू, सीक्यू, सीक्यू, टेन मीटर एफएम, धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म टू...", इथे आपला कॉलसाइन फोनेटिक्समध्ये दोनदा, शेवटी "फ्रॉम इंडिया, स्टँडिंग बाय." पंधरा सेकंदांत संपायला हवं. एफएमवर लांबलचक सीक्यूची गरज नसते, समोरचा आधीच त्या फ्रिक्वेन्सीवर बसलेला असतो.

उत्तर आलं की रिपोर्ट (त्याचा सिग्नल कसा येतोय ते), नाव, गाव, या क्रमाने द्या. "फाइव्ह नाईन इन नाशिक" म्हणा आणि "नाशिक" सावकाश उच्चारा, परदेशी हॅमला ते लिहून घ्यायचं असतं. माइक तोंडापासून चार बोटं दूर, जरा तिरका. ओरडलात तर डेव्हिएशन मर्यादेवर आपटून आवाज चिरकतो. दोघेही आपापलं बोलून झालं की सोडताना अर्धा सेकंद मोकळा ठेवा, म्हणजे तिसऱ्याला शिरता येतं.

गप्पा रंगणार असं दिसलं तर २९.६०० सोडा. अर्धा तास तिथे बसणारा माणूस अर्ध्या जगाची हाक अडवतो. जायचं कुठे? युरोपच्या आराखड्यात २९.१०० ते २९.२०० मध्ये दहा-दहा किलोहर्ट्झच्या एफएम वाटा आहेत, त्या सोयीच्या पडतात. मात्र आधी ऐका, अमेरिकन मंडळी त्याच भागात एएमवर असतात. समोरचा मराठी किंवा हिंदी बोलणारा निघाला तर आपल्या भाषेत बोला, खुशाल. कॉलसाइन तेवढा फोनेटिक्समध्ये.

दोन स्टेशनांनी एकदम उत्तर दिलं, पण मला एकच ऐकू आलं. दुसरा कुठे गेला?

बलवानाने त्याला गिळलं. एफएमचा रिसीव्हर दोन सिग्नलांपैकी जोरदार असेल त्यालाच धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. एसएसबीत दोघांची खिचडी ऐकू येते, इथे येत नाही. म्हणून पहिला संपर्क झाल्यावर लगेच निघून जाऊ नका. "एनी अदर स्टेशन?" असं विचारा. कित्येकदा त्या शांततेत पाच वॉटवाला मॉरिशस निघतो.

दहा मीटरचे रिपीटर कसे वापरायचे?

ऐकायचं आउटपुटवर, बोलायचं १०० किलोहर्ट्झ खाली. २९.६२० ऐकत असाल तर प्रक्षेपण २९.५२० वर. रिगमध्ये ड्युप्लेक्स उणे आणि ऑफसेट ०.१०० मेगाहर्ट्झ लावा, आणि त्या रिपीटरला टोन (रिपीटर उघडण्यासाठी आवाजाबरोबर पाठवायचा बारीक सूर) लागत असेल तर तो. अमेरिकेत २९.६२०, ६४०, ६६० आणि ६८० या चारच जोड्या प्रचलित आहेत. त्यामुळे एकाच आकड्यावर अनेक शहरांचे रिपीटर बसलेले असतात. टोन नसेल तर तुमच्या एका हाकेने दोन-तीन एकदम उठतात.

इनपुट आणि आउटपुट इतके जवळ असल्यामुळे एकाच खांबावर दोन्ही चालवणं अवघड जातं. म्हणून बऱ्याच ठिकाणी रिसीव्हर एका टेकडीवर, ट्रान्समीटर काही किलोमीटर दूर, आणि मध्ये यूएचएफची जोडणी. यामुळेच कधी कधी तुम्ही रिपीटरला स्वच्छ ऐकता पण तो तुम्हाला ऐकत नाही.

एक विनंती. नुसता माइक दाबून रिपीटरची शेपटी (माइक सोडल्यावर क्षणभर चालू राहणारा त्याचा सिग्नल) ऐकायची आणि पळून जायचं, हा प्रकार टाळा. प्रत्येक वेळी कॉलसाइन द्या.

सिग्नल पूर्ण असताना आवाज का फाटतो?

तुमच्याकडे तो एकाच वाटेने येत नाही. एक किरण एका उडीने, दुसरा दोन उड्यांनी, थोडा उशिरा. दोघे एकमेकांना छेदतात आणि मीटर वर असूनही शब्द चुरगळतो. त्यावर रिगमध्ये कोणतंही बटण नाही. सावकाश बोला, महत्त्वाचा भाग दोनदा सांगा. अँटेनाची दिशा थोडी हलवून पाहा. फारच झालं तर दोघेही एसएसबीवर जा, तिथे हाच सिग्नल ऐकण्याजोगा असतो.

मध्येच कुणी अनोळखी भाषेत पत्ते सांगतंय. हे कोण?

रशियातल्या टॅक्सीवाल्यांचे नियंत्रक बहुधा. या पट्ट्यात ते बेकायदा एफएम वापरतात, आणि बँड उघडला की त्यांचं गिऱ्हाईक आपल्या घरात ऐकू येतं. पूर्वेकडून कधी मासेमारीच्या जाळ्यांवरचे बोयेही टिकटिकतात. उत्तर देऊ नका, भांडू तर मुळीच नका. उलट त्याचा उपयोग करा: टॅक्सीवाला आला म्हणजे उत्तरेचा मार्ग उघडा आहे.

जुना सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठीच्या शेजारच्या पट्ट्याचा) सेट दहा मीटरवर आणता येतो का?

येतो, आणि हा प्रकार जुना आहे. १ जानेवारी १९७७ ला अमेरिकेत सीबीची २३ चॅनेलांवरून ४० झाली आणि दुकानांत २३ चॅनेलांचे सेट कवडीमोलाने पडून राहिले. हॅमनी ते उचलून क्रिस्टल बदलले, एफएमचा भाग जोडला, आणि २९.६०० ची वस्ती तेव्हापासून वाढली. आज तो खटाटोप सोल्डरिंगची हौस असेल तरच करा. तयार दहा मीटरचे सेट मिळतात. मात्र त्यातले काही सीबीच्या पट्ट्यातही उघडलेले असतात. भारतात सीबीला ५ वॉटची मर्यादा आहे आणि हॅमचा परवाना तिथे लागू पडत नाही. बाहेरून सेट मागवण्याआधी परवान्याचे आणि सीमाशुल्काचे नियम बघून घ्या, नाहीतर कस्टमच्या गोदामात तो तुमच्यापेक्षा जास्त दिवस राहील.

परवाना अजून आलेला नाही. ऐकता येईल का?

साध्या आरटीएल-एसडीआर डोंगलची पट्टी २४ मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणजे २९.६०० त्यात आणखी काही न जोडता बसतं. पाच मीटरची तार, लॅपटॉप, झालं. काहीच नसेल तर इंटरनेटवर लोकांनी खुले ठेवलेले किवी-एसडीआर आहेत. ते ३० मेगाहर्ट्झपर्यंत जातात आणि त्यांत नॅरो एफएमचा मोड असतो. एक खिडकी जपानच्या रिसीव्हरची, दुसरी इटलीच्या. नंतर परवाना आला की याच खिडकीतून स्वतःचा आवाज तिकडे पोचतोय का तेही तपासता येतं.

एफएमचे संपर्क पुरस्कारांना चालतात का? क्यूएसएलचं (संपर्काच्या पोचपावतीचं) काय?

चालतात. डीएक्ससीसीमध्ये (निरनिराळ्या देशांशी संपर्क साधल्याबद्दलच्या पुरस्कारात) ते फोन, म्हणजे आवाजाच्या, प्रकारात मोजले जातात. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन नोंदवहीवर चढवताना मोड एफएम लिहा, एसएसबी नव्हे. वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. कागदी कार्डांसाठी एआरएसआय या हॅमच्या राष्ट्रीय संस्थेचा ब्युरो आहे, फक्त धीर धरावा लागतो.

सौरचक्राचा माथा उलटून गेला. आता या बँडसाठी खर्च करावा का?

पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या अखेरीस माथ्यावर पोचलं. उतरण चढणीपेक्षा सावकाश असते. माथ्यानंतरचे दोन-तीन हिवाळे दहा मीटर साधारणपणे चांगला चालतो, आणि आपल्या अक्षांशावर युरोपपेक्षा जास्त काळ. त्यानंतरही मे-जूनचा स्पोरॅडिक-ई सूर्याला फारसं विचारत नाही.

नवा रिग केवळ एफएमसाठी घेऊ नका. जो आहे त्यात एफएम असेल तर खर्च म्हणजे पाच मीटर वायर, थोडी केबल आणि दोन पाइप. एफएम नसेल तर पुढचा सेट घेताना तेवढं बघून घ्या. अँटेना मात्र ऑक्टोबर उजाडायच्या आत वर चढवा, पाऊस ओसरल्यावर गच्ची कोरडी मिळाली की त्याच रविवारी.